एकशेवीस तासांची धास्ती

एमए, एमकॉम, एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटचा एक विषय आहे. त्याला पुस्तक नाही, गाईड नाही, मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिकाही नाही. मुलं त्याला ओजेटी म्हणतात, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. नवं शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर वर्गांना २०२३-२४ पासून लागू झालं, तेव्हा एका क्रेडिटला तीस तास या हिशेबाने एकशेवीस तास कुठेतरी प्रत्यक्ष कामावर काढणं विद्यार्थ्याच्या वाट्याला आलं. मोठ्या शहरातल्या मुलांना यात फार नवल वाटलं नसेल. तिथे कुणाचा मामा कंपनीत असतो, कुणाच्या वडिलांचा मित्र सीए असतो, आणि ऑफिस आतून कसं चालतं हे घरातल्या जेवणाच्या गप्पांतूनच कानावर पडलेलं असतं.

हिंगोलीचं तसं नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास आणि त्यातली जेमतेम पंधरा टक्के शहरांत. त्यामुळे ओजेटीला जायचं म्हणजे पतसंस्थेत, कर सल्लागाराकडे, मोंढ्यातल्या आडतीवर, पंचायत समितीत, एखाद्या शाळेत किंवा फार तर कळमनुरी तालुक्यातल्या तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात. सेनगावकडच्या एखाद्या गावातून एसटीने येणारी, घरातली पहिलीच पदवीधर असलेली मुलगी हळदीच्या आडतीवर हिशोबपट्टी बघायला बसते, तेव्हा तिच्यासाठी खुर्चीत कधी बसायचं हाही प्रश्न असतो. मालक आल्यावर उठायचं का? डबा कुठे खायचा? काम नसेल तर मोबाइल काढला तर चालेल का? आणि समोरच्याने टॅलीत नोंद करायला सांगितली, तर कॉलेजात टॅली फक्त फळ्यावर शिकवली हे सांगायचं की नाही?

या सगळ्याला बाहेरून एकच नाव मिळतं, 'आत्मविश्वासाचा अभाव'. प्राध्यापक तसं म्हणतात, मालक तसं म्हणतात आणि चार-सहा महिन्यांत मुलंही स्वतःबद्दल तसंच बोलू लागतात. सर, माझ्यात कॉन्फिडन्सच नाही. हे निदान अर्धवट आहे असं माझं मत आहे. इंटर्नच्या धास्तीचा एक भाग मनातला असतो आणि त्यावर चांगले, तपासलेले उपाय आहेत. पण दुसरा, बराच मोठा भाग व्यवस्थेने माहिती न दिल्यामुळे तयार होतो. तो भाग मनाचे व्यायाम करून जात नाही.

मोबाइलवरच्या रील्समध्ये यासाठी 'इम्पोस्टर सिंड्रोम' हा शब्द सर्रास फिरतो. त्याचा उगम बघण्यासारखा आहे. १९७८ साली पॉलीन क्लॅन्स आणि सुझन आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध लिहिला. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांबरोबरच्या कामातून त्यांना दिसलं, की पदव्या, पदं, मानसन्मान असूनही या स्त्रियांना वाटतं, आपण सगळ्यांना फसवलंय आणि एक दिवस उघडे पडू. लेखिकांनी त्याला आजार म्हटलं नव्हतं. 'सिंड्रोम' हे शेपूट नंतर लागलं. त्या शब्दावर टीकाही झाली. २०२१ साली रुचिका तुलश्यान आणि जोडी-अ‍ॅन ब्यूरी यांनी लिहिलं, की ज्या ऑफिसात बाईला रोज कमी लेखलं जातं तिथे तिच्या शंकेला तिचाच दोष ठरवणं थांबवा.

हिंगोलीच्या इंटर्नला हा शब्द आणखी एका कारणाने बसत नाही. क्लॅन्सच्या स्त्रियांना काम येत होतं आणि तरी येत नाही असं वाटत होतं. आपल्या मुलाला टॅली खरंच येत नाही. त्याची शंका हा भ्रम नाही, तो बऱ्यापैकी प्रामाणिक हिशेब आहे. त्याला 'स्वतःवर विश्वास ठेव' म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीच्या काठावर धीर देण्यासारखं. शंका खरी आहे की खोटी, हे आधी तपासायला हवं. खरी असेल तर शिकवणारा माणूस लागतो, खोटी असेल तर मनावर काम करावं लागतं. बहुतेक सल्ले ही पहिली पायरीच गाळतात.

या तपासणीची एक जुनी गोष्ट याच जिल्ह्याशी बांधलेली आहे. नरसीच्या नामदेवांची. आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे: तेरला गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली, मुक्ताबाईने विचारलं की यातली मडकी पक्की किती आणि कच्ची किती, आणि गोरोबांनी थापटण्याने एकेकाचं डोकं थापटलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव कुरकुरले, आणि कच्चं मडकं ठरले. कीर्तनात इथे हशा होतो. चारचौघांत, कसोटी काय ते आधी न सांगता घेतलेली ती परीक्षा होती, आणि नामदेवांना ती लागली यात नवल नाही. ते थेट पंढरपूरला विठ्ठलाकडे गाऱ्हाणं घेऊन गेले. पण पुढचा भाग महत्त्वाचा. त्यांना पत्ता मिळाला: औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जा. म्हणजे 'तू कच्चा आहेस' या निकालाबरोबर पक्कं कुठे व्हायचं हेही कळलं. आजच्या ओजेटीत निकाल मिळतो, पन्नासपैकी बत्तीस. विसोबांचा पत्ता कुणी देत नाही.

औंढ्याचाच दुसरा दाखला अगदी आजचा आहे. दुधाळा शिवारात लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेले २,६०० कोटी रुपये, असे आकडे इथल्या मुलांना पाठ असतात. या वेधशाळेच्या अमेरिकेतल्या थोरल्या भावंडांत शंका घेण्याची रीत कशी बसवली आहे, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. सप्टेंबर २०१० मध्ये तिथे मोजक्या माणसांनी यंत्रात मुद्दाम खोटा संकेत घातला. शेकडो शास्त्रज्ञांनी त्यावर महिनोन् महिने काम केलं, लेखाचा मसुदाही तयार झाला, आणि मार्च २०११ मध्ये लिफाफा उघडून सांगण्यात आलं की हा बनावट होता. कुणाची लाज निघाली नाही, कारण चाचणी माणसांची नव्हती, पद्धतीची होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरा संकेत आला, तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला बसलेल्या मार्को ड्रॅगो या तरुण संशोधकाने तो सर्वांत आधी पाहिला. त्याचा पहिला विचार होता, हेही घातलेलंच असणार. त्याने शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं, मग दोघांनी अमेरिकेतल्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. जगाला ही बातमी ११ फेब्रुवारी २०१६ रोजी सांगितली गेली, तोवर पाच महिने तपासणीच चालली होती. त्या जागी 'मला खात्री नाही, जरा बघता का' हे वाक्य कामाचाच भाग होतं. आडतीवरच्या किंवा पतसंस्थेतल्या इंटर्नला मात्र तेच वाक्य अज्ञानाची कबुली वाटतं. फरक मुलांच्या स्वभावात नाही, विचारणाऱ्याला मिळणाऱ्या वागणुकीत आहे.

आता मनाचा भाग.

इथे सर्वांत टिकाऊ काम मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचं. १९७७ साली त्यांनी मांडलं, की 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः एखादं काम तडीस नेल्याने, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहिल्याने, विश्वासाच्या माणसाने धीर दिल्याने, आणि धडधड-घाम यांचा आपण जो अर्थ लावतो त्यातून. यात पहिली वाट सर्वांत पक्की, तिसरी तिच्या मानाने कच्ची. आपली कॉलेजं मात्र तिसऱ्या वाटेवरच सगळा जोर लावतात. व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर, बाहेरगावचा वक्ता, टाळ्या, सत्कार. मुलगा दोन दिवस फुगतो आणि सोमवारी पतसंस्थेत गेला की हवा जाते. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात एक छोटं, पूर्ण होणारं काम हातात दिलं, म्हणजे पन्नास पावत्या तारखेप्रमाणे लावून त्यांची बेरीज जुळवणं, तर बेरीज जुळल्यावर जो विश्वास येतो तो शिबिरात मिळत नाही. दुसऱ्या वाटेचंही तसंच. परभणीचा किंवा हिंगोलीचा, आपल्यासारखंच बोलणारा, दोन वर्षं पुढे असलेला मुलगा वर्गात येऊन 'माझे पहिले पंधरा दिवस कसे वाईट गेले' हे सांगतो, त्याचा उपयोग मोठा. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन प्रयोगात जवळपास हेच केलं होतं. नव्या विद्यार्थ्यांना तासाभरात एवढंच कळवलं, की परकं सगळ्यांनाच वाटतं आणि ते काळाने कमी होतं. ज्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपण इथले नाही असं वाटत होतं, त्यांच्या गुणांत पुढची तीन वर्षं फरक दिसला. अमेरिकेतला निष्कर्ष जसाच्या तसा मराठवाड्यात उचलू नये हे खरं, पण एक तास लावून बघायला हरकत काय?

चौथ्या वाटेबद्दल एक उपयोगी गोष्ट. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली दाखवलं, की भाषणाआधी 'शांत हो, शांत हो' असं स्वतःला बजावण्यापेक्षा ही धडधड उत्सुकतेची आहे असं म्हणणाऱ्यांचं काम चांगलं झालं. शरीराला चढलेला जोर उतरवणं कठीण, त्याला दुसरी दिशा देणं त्या मानाने सोपं. आणि 'सगळे माझ्याकडेच बघतायत' या भावनेची तर कॉर्नेलच्या थॉमस गिलोविच यांनी २००० साली मापंच काढली. लाजिरवाणा टीशर्ट घालून खोलीत पाठवलेल्या मुलांना वाटलं की निम्म्यांनी तो पाहिला असेल, प्रत्यक्षात साधारण चौथाई लोकांच्याच तो लक्षात आला होता. हिंगोलीहून पुण्याला गेलेला मुलगा 'मी फाइल बघायलोय' म्हणतो आणि दिवसभर मनात तेच घोळवतो. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते सोडून दिलेलं असतं. उरलेले जे हसतात त्यांचं काय करायचं, यावर मात्र गिलोविच यांचा उपयोग नाही.

तिथे अल्बर्ट एलिस कामाला येतात. मराठी वाचकाला ते परके नाहीत. कि. मो. फडके यांनी त्यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मराठीत रुजवली, आणि अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' ही त्यांच्यावरची कादंबरी लिहिली. एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला कमालीचे घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःला गृहपाठ दिला: न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी जाऊन बसायचं आणि मिनिटाभरात बोलायला सुरुवात करायची. अशा १३० जणींशेजारी ते बसले. तीस तिथून उठून गेल्या. शंभर जणींशी बोलणं झालं. त्यातून एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. हिशेबाने शंभर टक्के अपयश, पण भीती गेली, कारण ज्याची भीती होती ते इतक्यांदा घडूनही काही बिघडलं नाही. (हा प्रयोग आपल्याकडच्या बागेत करू नये, हे सांगायला लागू नये.) इंटर्नसाठी त्याचं रूप साधं आहे. रोज एक प्रश्न मोठ्याने विचारायचा, तो बावळट वाटला तरी. हे कसं करायचं मला माहीत नाही, एकदा दाखवाल का? काही दिवसांनी घशाला पडणारी कोरड आपोआप कमी होते. एलिस यांचा दुसरा आग्रह असा, की काम चांगलं व्हावं अशी इच्छा धरा, पण ते चुकलं तर मी माणूस म्हणून फुकट, असा निकाल लावू नका. चुकलेली नोंद दुरुस्त होते. पहिल्या पिढीच्या मुलांना हे पटवणं अवघड जातं, कारण त्यांच्या पाठीवर आख्खं घर असतं. बापाने हळद विकून फी भरलेली असते. अशा मुलाला चूक कधी फक्त चूक वाटत नाही.

या जिल्ह्यात इंटर्नशिपचा जुना आणि, माझ्या मते, बराच चांगला नमुना आधीपासून आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात जातात. गावकरी त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ओळखतात. खरं तर भीतीला इथे भरपूर जागा आहे. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीने, चाळीस वर्षं हळद घेणाऱ्या शेतकऱ्याला बेणेप्रक्रिया दाखवायची. तो मधेच विचारतो, "पोरी, ते राहू दे, माझ्या हळदीला कंदकूज कशानं लागली ते सांग." उत्तर येत नसेल तर? पण ती एकटी नसते. सोबत आठ-दहा जणी असतात, कामांची यादी आधी ठरलेली असते: उगवणक्षमता चाचणी, बोर्डो मिश्रण, निंबोळी अर्क, माती नमुना. रोजनिशी लिहायची असते, आणि अडलं तर 'सरांना विचारून उद्या सांगते' म्हणायची सोय असते. शेतकऱ्यालाही ते चालतं. बीएडचंही काहीसं असंच. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे शाळेत जायचं असतं, पाठ टाचण आधी तपासून घ्यायचं असतं, पाठीमागे निरीक्षक बसतो. मुलं त्या निरीक्षकाला घाबरतात हे खरं, पण काय बघितलं जाणार हे त्यांना आधी माहीत असतं. ओजेटीत यातलं जवळपास काहीच नाही. मुलगा एकटा, कामाची यादी नाही, आणि मार्गदर्शक प्राध्यापकाकडे बरीच मुलं.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण इथे मानसशास्त्र लावायची गरजच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेत महिन्याला पाच हजार रुपये होते आणि मोठ्या कंपन्यांची नावं होती. पहिल्या फेरीत सुमारे ८२ हजार प्रस्ताव दिले गेले, रुजू झाले ते सुमारे ८,७००. पाच हजारांत पुण्यात कॉट बेसिसची खोली आणि मेस भागत नाही. हिंगोलीच्या मुलाने नकार दिला तर त्यात धाडसाची कमतरता शोधू नये, त्याने हिशेब केलेला असतो. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणाप्रमाणे सहा, आठ आणि दहा हजार रुपये होते. गावाजवळच काम मिळत असल्याने ती लोकांना पटली, पण सहाचे अकरा महिने झाले तरी पुढे काय हा प्रश्न तसाच राहिला आणि प्रशिक्षणार्थी आंदोलनाला बसले. आपलं पुढे काय होणार या काळजीला चिंता-विकार म्हणता येत नाही. आणि एसटीचा विद्यार्थी पास गाव ते कॉलेज असतो. ओजेटीची जागा त्या मार्गावर नसेल तर तिकीट खिशातून.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट कॉलेजांनी आवर्जून सांगायला हवी. मोंढ्यात किंवा छोट्या दुकानात एकटं बसण्याची अस्वस्थता प्रत्येक वेळी न्यूनगंडाची नसते, ती सुरक्षिततेचीही असते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती नसते, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ओजेटीची बहुतेक ठिकाणं याच लहान आस्थापनांत मोडतात.

आणि जे खरोखर आजाराकडे झुकलेलं आहे, त्याला वरचे उपाय पुरत नाहीत. काळजी महिनोन् महिने सुटत नाही, झोप उडते, छाती धडधडून बसल्या जागी मरणार असं वाटतं, मुलगा घरातून निघतो पण कामावर पोचतच नाही, किंवा जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवतो. अशा वेळी वाट बघायची नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ साली, दहापैकी एका प्रौढाला कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला आणि त्यातल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते, पण छोट्या गावात रांगेत कोण बघेल ही भीती आजाराहून मोठी ठरते. म्हणून १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली टेली-मानस ही सेवा महत्त्वाची. १४४१६ हा नंबर, दिवसरात्र, फुकट, मराठीतही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा असा निर्देश दिला. हिंगोलीतलं जवळजवळ प्रत्येक कॉलेज या व्याख्येत बसतं. समुपदेशकाची जागा भरताना एखाद्या मराठीच्या किंवा भूगोलाच्या प्राध्यापकाला अतिरिक्त कार्यभार देऊन मोकळं होण्याचा मोह टाळला पाहिजे, एवढंच म्हणतो.

तोवर कॉलेजच्या हातात असलेली वस्तू म्हणजे ओजेटीचं पत्र. 'सदर विद्यार्थ्यास आपल्या कार्यालयात प्रशिक्षणाची संधी द्यावी ही विनंती', खाली शिक्का आणि प्राचार्यांची सही. या पत्रातून मालकाला काहीच कळत नाही, म्हणून तो मुलाला चहा सांगायला किंवा झेरॉक्सला पाठवतो, आणि मुलगा समजतो की आपली लायकी तेवढीच. पत्रात चार गोष्टी वाढवता येतील. विद्यार्थ्याला काय येतं आणि काय अजून शिकायचं आहे. पहिल्या आठवड्यात त्याला कोणतं एक काम द्यावं. तिथे त्याने अडचण कुणाला विचारायची, त्या माणसाचं नाव. आणि साठ तास झाल्यावर, म्हणजे गुण देण्याच्या कितीतरी आधी, प्राध्यापक कोणत्या तारखेला येऊन तिघं मिळून बोलणार. याला नवा शासन निर्णय लागत नाही, विद्यापीठाची परवानगी लागत नाही. विभागप्रमुखाने संगणकावरचा जुना नमुना उघडून त्यात बदल केला की पुरे.